गरोदरपणातले संसर्ग आणि बाळाचा मेंदू: आपली भीती चुकीच्या जागी आहे का?

रानजाई (धागाकर्ती)

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत सव्वीस वर्षे शिकवले. त्यातली बरीच वर्षे नव्या मुलांचा पूर्वेतिहास लिहून घेण्याचे काम माझ्याकडे होते. अर्जात 'गरोदरपणात काही आजार झाला होता का?' असा रकाना असे आणि बहुतेक आया तिथे 'नाही' असेच सांगत. मग शाळेचे आवार दाखवताना किंवा चहा पिताना एखादीला मध्येच आठवे की तिसऱ्या महिन्यात माहेरी असताना अंगावर बारीक पुरळ आले होते आणि कानामागे गाठी आल्या होत्या, पण दोन-तीन दिवसांत सगळे गेले. उष्णता असेल म्हणून सब्जाचे पाणी प्यायले, डॉक्टरांकडे जावेसे वाटलेच नाही. त्या मुलांपैकी काहींची तान्हेपणीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असे आणि काहींच्या डाव्या बगलेमागे हृदयाच्या शस्त्रक्रियेचा व्रण असे. कान, डोळे आणि हृदय या तिन्हींवर एकदम घाला घालणारा तो आजार म्हणजे रुबेला, ज्याला पूर्वी जर्मन गोवर म्हणत.

हा संबंध पहिल्यांदा लक्षात आला तोही अशाच बोलण्यातून, असे सांगतात. सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या प्रतीक्षाकक्षात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या आया एकमेकींशी बोलत होत्या आणि गरोदरपणी आलेल्या पुरळाचा उल्लेख त्यांच्या कानावर पडला. १९४१ साली त्यांनी ७८ बाळांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील ६८ बाळांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. वार (प्लासेंटा) ही बाळाभोवतीची अभेद्य भिंत आहे, असे तोवर डॉक्टरही मानत असत. पुढे १९६४-६५मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २० हजार बाळे या आजाराच्या खुणा घेऊन जन्मली. त्यांतील २४३ मुलांचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञ स्टेला चेस यांना १८ मुलांत स्वमग्नतेची (ऑटिझमची) पूर्ण किंवा अंशतः लक्षणे आढळली. त्या काळी स्वमग्नतेचे खापर आईच्या थंड वागणुकीवर फोडले जाई, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते.

हा धागा काढण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही महिन्यांत नात्यातल्या आणि ओळखीच्या तीन मुलींनी मला आपापले 'टॉर्च' तपासणीचे (गरोदरपणात बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्रित रक्ततपासणीचे) अहवाल पाठवले आणि तिघीही रडकुंडीला आल्या होत्या. रुबेलाची लस घेतली आहे का, या माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र तिघींपैकी एकीलाही देता आले नाही. जिथे घाबरावे तिथे आपण निर्धास्त असतो आणि जिथे घाबरण्याचे कारण नाही तिथे रात्र-रात्र जागतो, असे मला वाटू लागले आहे. इथे वैद्यकीय क्षेत्रातील सदस्य आहेत आणि ज्यांच्या घरात हे घडले आहे असेही आहेत. सर्वांनी लिहावे, ही विनंती.

अबोली_न

ताई, त्या तिघींसारखीच मी चौथी आहे, असे समजा. माझा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर टॉर्च करायला सांगितले. अहवालात रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस या तिन्हींपुढे आयजीजी 'पॉझिटिव्ह' असे ठळक अक्षरांत छापले आहे, आयजीएम सगळीकडे निगेटिव्ह आहे. सासूबाईंना कुणीतरी सांगितले की हिच्या अंगात 'इन्फेक्शन मुरलेले आहे', त्यामुळे मूल राहिले तरी ते मंदबुद्धीचे होईल. आता दर महिन्याला तीच तपासणी पुन्हा करून आकडा उतरतो का, ते पाहत आहोत. आकडा उतरत नाही. कृपया कुणी समजावून सांगेल का?

पाणवठा

अबोलीताई, मी नवजात शिशूंचा डॉक्टर आहे; अनेक वर्षे जिल्हा रुग्णालयात काम करून निवृत्त झालो. आधी मन शांत करा. आयजीजी ही रक्तातील प्रतिपिंडे म्हणजे आपल्या शरीराने पूर्वी कधीतरी दिलेल्या लढ्याची आठवण असते आणि ती बहुधा आयुष्यभर राहते, म्हणून तो आकडा उतरण्याची वाट पाहू नये. रुबेलाचे आयजीजी पॉझिटिव्ह असणे ही तर तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे, कारण तुम्हाला रुबेला होऊन गेला आहे किंवा लस मिळाली आहे आणि पुढच्या गरोदरपणात त्या बाबतीत तुमचे बाळ सुरक्षित आहे. सायटोमेगॅलोविषाणूचे म्हणाल, तर भारतातील बहुसंख्य स्त्रियांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो. शंभर जणींचे रक्त तपासले तर बहुतेक सगळ्याच पॉझिटिव्ह येतील. या अहवालावरून तुमच्या गर्भपाताचे कारण ठरवता येत नाही आणि पुढील बाळाच्या बुद्धीविषयी तर काहीच सांगता येत नाही.

आयजीएम ही ताज्या संसर्गात आधी तयार होणारी प्रतिपिंडे. ते पॉझिटिव्ह आले तरी तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. ते खोटे पॉझिटिव्ह येऊ शकते आणि काही वेळा जुन्या संसर्गानंतर महिनोन्महिने रेंगाळते. अशा वेळी आयजीजीची 'अ‍ॅव्हिडिटी', म्हणजे प्रतिपिंडांची पकड किती घट्ट आहे, ते पाहतात. पकड घट्ट असेल तर संसर्ग काही महिन्यांपूर्वीचा असतो. केवळ एका आयजीएमच्या भीतीने नीट वाढणारा गर्भ पाडण्याचा निर्णय घेणारी जोडपी मी पाहिली आहेत. ते आठवले की आजही त्रास होतो.

'टॉर्च' हे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस आणि इतर काही संसर्ग यांच्या आद्याक्षरांवरून १९७१च्या सुमारास केलेले नाव आहे. आजारी नवजात बाळाकडे पाहताना डॉक्टरांच्या डोक्यात कोणते संसर्ग असावेत, त्याची ती आठवण होती. धडधाकट स्त्रीची सरसकट तपासणी करावी, हा तिचा हेतू नव्हता. अंगावर पुरळ, रुबेलाच्या रुग्णाशी संपर्क किंवा सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत कॅल्शियमचे ठिपके अथवा पाणी दिसणे, असे काही कारण असेल तर त्या-त्या संसर्गाची नेमकी तपासणी करावी.

सह्यकडा

माझा प्रश्न जरा निराळा आहे. आमच्या मुलाला तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचे निदान झाले. पत्नीला पाचव्या महिन्यात चार दिवस फ्लूचा ताप होता. तिने इंटरनेटवर वाचले की आईच्या तापामुळे स्वमग्नता येते आणि तेव्हापासून ती स्वतःलाच दोष देत आहे. मी कितीही समजावले तरी 'मी त्या दिवशी पावसात भिजायला नको होते' हे वाक्य पुन्हा पुन्हा येते. यात तथ्य किती आहे?

पाणवठा

सह्यकडा, हे उत्तर थोडे लांबेल, पण ते वहिनींनाही वाचून दाखवावे.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. रुबेला, झिका, टोक्सोप्लाझ्मा, सायटोमेगॅलो यांच्या बाबतीत जंतू स्वतः वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो आणि मेंदूच्या पेशींना इजा करतो. फ्लूच्या बाबतीत विषाणू सहसा बाळापर्यंत जातच नाही; तिथे प्रश्न असतो तो आईच्या शरीरातील दाहाचा. १९५७च्या फ्लूच्या साथीच्या वेळी जी मुले हेलसिंकीत आईच्या पोटात मधल्या तिमाहीत होती, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण अधिक आढळल्याचे संशोधकांनी १९८८मध्ये मांडले. नंतर इतरत्र झालेल्या अभ्यासांनी कधी त्याला दुजोरा दिला, कधी दिला नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरांना जिवंत विषाणू न देता विषाणूचा केवळ आभास निर्माण करणारे रसायन टोचले, तरीही पिल्लांच्या वागण्यात बदल दिसले. इंटरल्युकिन-६ या दाहाच्या निरोप्याला अडवले तेव्हा ते बदल दिसले नाहीत. म्हणजे मार्ग आहे, हे प्राण्यांत दिसते.

माणसांत काय दिसते? स्वीडनमध्ये १९८७ ते २०१०मध्ये जन्मलेल्या सुमारे साडेपाच लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात संसर्गासाठी रुग्णालयात जावे लागलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता किंचित अधिक आढळली खरी. परंतु ज्या आयांना गरोदर राहण्याच्या आधीच्या वर्षी असा संसर्ग झाला होता, त्यांच्या मुलांतही ती तेवढीच अधिक आढळली. गर्भ नसतानाचा ताप गर्भाच्या मेंदूला कसा बाधेल? म्हणजे आनुवंशिकता किंवा त्या कुटुंबातील आणखी काही सामाईक गोष्ट या दोन्हींच्या मुळाशी असावी. सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावरही स्वमग्नतेशी असलेला हा संबंध टिकला नाही. तापात घेतलेल्या पॅरासिटामॉलविषयीही असेच घडले. स्वीडनमधीलच सुमारे २५ लाख मुलांच्या २०२४च्या अभ्यासात भावंडांची तुलना केली तेव्हा स्वमग्नतेचा वाढीव धोका उरला नाही. गरोदरपणात ताप अंगावर काढणे हेच अधिक वाईट, विशेषतः पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, जेव्हा बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी मिटत असते.

तेव्हा वहिनींना सांगा की पावसात भिजण्याने हे घडलेले नाही. आणि हे मी धीर देण्यासाठी बोलत नाही, पुरावा तसा आहे म्हणून बोलतो.

सह्यकडा

डॉक्टर, तिला आत्ताच वाचून दाखवले. 'आधीच्या वर्षीचा संसर्ग' हा भाग तिने दोनदा वाचायला लावला. अधिक काही लिहवत नाही. आभारी आहोत.

एरंडवण्याची_सई

२०२४च्या जून-जुलैमध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण सापडू लागले, त्यातले पहिले आमच्याच एरंडवण्यात होते आणि मी तेव्हा चौदा आठवड्यांची गरोदर होते. आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचे पाणी, गच्चीतले टायर पाहत होते. परिसरातील गरोदर स्त्रियांचे रक्त आणि लघवीचे नमुने घेऊन राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेकडे पाठवले जात होते. राज्यातला पहिला रुग्ण २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात सापडला होता, हेही मला तेव्हाच कळले. तोवर झिका म्हणजे ब्राझीलचा आजार, अशीच समजूत होती.

माझा नमुना पॉझिटिव्ह आला. मला ताप आलाच नव्हता, फक्त दोन दिवस अंगावर पुरळ होते. पुढचे पाच महिने दर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी होई आणि मी पडद्यावर एकच आकडा शोधत असे, तो म्हणजे डोक्याचा घेर. माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते की झिका झालेल्या आयांच्या बाळांपैकी साधारण ५ ते १५ टक्के बाळांत दोष आढळतात, म्हणजे बहुसंख्य बाळे ठीक असतात. परंतु जन्मतः डोके योग्य मापाचे असले तरी विकासावर दोन-तीन वर्षे लक्ष ठेवावे लागते. मुलगी आता चालते, बोलते आणि हट्टही करते. तरीही प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. मला एक विचारायचे आहे की एक डास चावल्याने डोके लहान कसे राहते? ते कुणी नीट सांगितले नाही.

पाणवठा

सईताई, मेंदूच्या बाहेरच्या थरातील चेतापेशी ज्या मूळ पेशींपासून तयार होतात, त्यांनाच झिकाचा विषाणू गाठतो. पहिल्या काही महिन्यांत त्या पेशी प्रचंड वेगाने विभागत असतात आणि त्यांच्याच लांबलचक तंतूंच्या आधाराने नव्या चेतापेशी आपापल्या जागी वर सरकतात. मूळ पेशीच मेल्या तर वीट घडवणारा भट्टीवालाही गेला आणि गवंड्याची शिडीही गेली. मेंदू वाढत नाही म्हणून त्यावरची कवटीही वाढत नाही. २०१५मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात, रेसिफे शहर आणि आसपास, डॉक्टरांना एकामागून एक अशी बाळे दिसू लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. विषाणू मात्र युगांडातील झिका जंगलात १९४७ सालीच सापडला होता.

संसर्ग कोणत्या महिन्यात झाला, यावर फार काही अवलंबून असते. रुबेला पहिल्या बारा आठवड्यांत झाला तर ९० टक्क्यांपर्यंत बाळांना बाधा पोहोचू शकते, विसाव्या आठवड्यानंतर धोका फारच कमी होतो. टोक्सोप्लाझ्मा या मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून पसरणाऱ्या परजीवीचे उलटे आहे. गरोदरपण पुढे सरकते तसा तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते, परंतु सुरुवातीला पोहोचला तर इजा अधिक गंभीर असते. आपल्याकडे पुष्कळ घरांत गरोदर सुनेला घरातले मांजर सोडून यायला लावतात; त्याची गरज नाही. मांजराची विष्ठा दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावी, मटण पूर्ण शिजलेले असावे, कोथिंबीर आणि पालेभाज्या वाहत्या पाण्यात नीट धुवाव्यात आणि बागेतली माती हाताळल्यावर हात धुवावेत.

उत्तरध्रुव

आम्ही मिनेसोटात राहतो. २०२३पासून इथे प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर सायटोमेगॅलोविषाणूची तपासणी केली जाते; सर्व बाळांसाठी ही सोय करणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य आहे. आमची धाकटी त्यात पॉझिटिव्ह आली. जन्मतः तिची श्रवणचाचणी उत्तम होती, त्यामुळे तपासणी नसती तर आम्ही निर्धास्त घरी गेलो असतो. चौदाव्या महिन्यात एका कानाचे ऐकणे कमी होऊ लागल्याचे नियमित चाचणीत दिसले आणि लगेच श्रवणयंत्र मिळाले. इथे अंदाजे २०० बाळांमागे एक बाळ हा संसर्ग घेऊन जन्मते आणि त्यांपैकी पाचातल्या एकाला पुढे काहीतरी त्रास राहतो, असे आम्हाला सांगण्यात आले.

मला संसर्ग बहुधा मोठ्या मुलाकडून मिळाला असावा. तो तेव्हा दोन वर्षांचा होता, पाळणाघरात जात होता आणि मी त्याच्या ताटलीतले उरलेले खात असे. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून हा विषाणू पसरतो, हे मला गरोदरपणात एकदाही कुणी सांगितले नव्हते. मुलाचे उष्टे न खाणे, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणे आणि ओठांऐवजी कपाळावर पापी घेणे, एवढेच करायचे असते.

पाणवठा

फार महत्त्वाचे लिहिलेत. यात एक भर घालतो. बाळाला जन्मतः लक्षणे असतील, तर लाळेची किंवा लघवीची तपासणी पहिल्या तीन आठवड्यांत व्हायला हवी. त्यानंतर विषाणू सापडला तर तो पोटातला की जन्मानंतरचा, हे सांगता येत नाही. लक्षणे असलेल्या बाळांना सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध देतात, पण ते रक्तातील पेशींवर लक्ष ठेवून तज्ज्ञांनीच द्यायचे औषध आहे.

भुईचाफा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. वरची सगळी चर्चा वाचली. माझ्या अनुभवात बाळांच्या मेंदूला सर्वाधिक धोका पोहोचवणारे संसर्ग फार साधे असतात आणि त्यांची नावेही कुणाला भीतिदायक वाटत नाहीत. लघवीतला संसर्ग हा त्यातला पहिला. कित्येक जणींना जळजळ होत नाही, म्हणून त्या सांगत नाहीत. शौचालय दूर असते, म्हणून पाणी कमी पितात. तो वर मूत्रपिंडापर्यंत चढला की ताप येतो, कळा लवकर सुरू होतात आणि बत्तिसाव्या आठवड्यात बाळ जन्मते. अपुऱ्या दिवसांच्या त्या बाळाच्या मेंदूतील पांढऱ्या भागाला इजा झाली, तर वर्षभराने आई मुलाला घेऊन येते आणि सांगते की पाय कडक आहेत, मान धरत नाही.

दुसरा संसर्ग म्हणजे उपदंश (सिफिलिस). पहिल्या भेटीतच त्याची रक्ततपासणी करतो आणि निदान वेळेत झाले तर पेनिसिलीनच्या इंजेक्शनने बाळ वाचते. अडचण येते ती नवऱ्याला उपचारासाठी आणण्याची. तो आला नाही तर तिला पुन्हा संसर्ग होतो. उशिरा, पाचव्या-सहाव्या महिन्यात नाव नोंदवायला येणाऱ्या सुनांचे मला सर्वांत वाईट वाटते, कारण दिवस राहिल्याचे कुणाला सांगायचे नाही म्हणून त्या घरातच थांबवलेल्या असतात.

चिकुनगुन्याचेही एक सांगते. कळांच्या वेळी आईला चिकुनगुन्याचा ताप असेल, तर तो बाळाला होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून अशा आईला आणि बाळाला आम्ही लवकर घरी सोडत नाही.

रानजाई

भुईचाफाताई, तुमचे लिहिणे वाचून अर्जातला तो 'नाही' पुन्हा आठवला.

आता रुबेलाच्या लसीविषयी एक हिशेब मांडते, तो प्रत्येक घरात लागू पडेल. गोव्यात गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना ती दिली गेली. याचा अर्थ असा की त्या दिवशी ज्या मुलीला पंधरा वर्षे पूर्ण झाली होती, ती मोहिमेत बसली नाही, आणि आज लग्न होणाऱ्या, पहिल्यांदा गरोदर राहणाऱ्या मुली बहुतांशी त्याच वयोगटातल्या आहेत. त्यातल्या काहींना लहानपणी खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्रित लस) मिळाली असेल, पुष्कळ जणींना रुबेला नकळत होऊनही गेला असेल, कारण जवळजवळ निम्म्या जणांत तो पुरळाशिवायच होतो. ज्यांना दोन्हीपैकी काही नाही, त्यांना ओळखण्याची वेळ गरोदरपणाच्या आधीचीच आहे, कारण ही जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यानंतरही महिनाभर दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात. चुकून राहिलेच, तर केवळ त्या कारणाने गर्भ पाडू नये, हेही इथे नोंदवते.

लग्न ठरले की आपण हॉल, आहेर, साड्या, पत्रिका यांची यादी करतो. माझ्या भाचीच्या यादीत मी स्वतःच्या हाताने 'रुबेला आयजीजी' असे लिहिले. अहवाल निगेटिव्ह आला आणि तिने गेल्या आठवड्यात लस घेतली.

अबोली_न

ताई, डॉक्टर, दोघांचे प्रतिसाद मी छापून सासूबाईंना दिले. त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाल्या की मग या महिन्याची तपासणी नको करायला. आणखी एक विचारायचे राहिले. माझ्या जावेचा मुलगा दहा महिन्यांचा आहे. भांडे पडले तर दचकतो, पण नावाने हाक मारली तर वळत नाही. सगळे म्हणतात की मुलगे उशिरा बोलतात. तो अपुऱ्या दिवसांचा आहे आणि तिला सातव्या महिन्यात खूप ताप आला होता.

रानजाई

अबोली, थांबू नका. भांडे पडल्यावर दचकणे म्हणजे नीट ऐकू येणे नव्हे. मोठा आवाज आणि जमिनीची थरथर कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही जाणवते. बोलण्याचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतो का, हे पाहायला हवे. आमच्या शाळेत 'उशिरा बोलेल' म्हणून तीन-चार वर्षे घरी ठेवलेली किती मुले आली, त्याची मोजदाद नाही, आणि मेंदूची भाषा शिकण्याची उत्तम वर्षे तीच असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, ज्याची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली, जिल्हा रुग्णालयांमध्ये शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली आहेत. तिथे जाऊन ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद पाहणारी) आणि बेरा (कानापासून मेंदूपर्यंतच्या नसेचा प्रतिसाद पाहणारी) या दोन्ही श्रवणचाचण्या करायच्या आहेत असे सांगा. केवळ ओएई ठीक आली म्हणून परत येऊ नका, कारण अपुऱ्या दिवसांच्या मुलांत दोष कधी कधी कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत असतो आणि तो बेरामध्येच दिसतो. मुंबईकडे असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही या चाचण्या होतात. बेरा झोपेत करतात, म्हणून मुलाला सकाळी लवकर उठवा आणि वाटेत झोपू देऊ नका. प्रसूतीचे कागद, नवजात कक्षातले डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचे पुस्तक सोबत न्या, आणि तिथला रकाना भरताना सातव्या महिन्यातला ताप आठवणीने लिहा.